चोचभर तळ

त्या माळावर दाणा वर्षातून एकदाच पिके आणि भूक मात्र रोज लागे. म्हणून तिथे पेवं होती.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, आतून शेणामातीने लिंपलेला आणि वर घागरीएवढंच तोंड ठेवलेला खड्डा. सुगी झाली की माळावरचे सगळे आपापले दाणे पेवात आणून टाकत आणि पुढे लागतील तसे घेऊन जात. राखणदार त्या दाण्यांवर नुसता बसून राहत नसे. कुणाला पडीक जमीन पेरायची असली की त्याला तो पेवातलं बियाणं देई आणि पीक आल्यावर सवाईने परत घेई. त्या जादा दाण्यांतली एखादी मूठ ठेवणाऱ्याला मिळे, बाकीचे राखणदाराच्या पोटात जात. ठेवणारा खूश, पेरणारा खूश, राखणदार गुटगुटीत. सगळे एकदम दाणे मागायला आले तर काय, असं एखादा विचारी. त्यावर राखणदार हसून म्हणत, "सगळ्यांना एकाच दिवशी भूक लागते होय?"

एका वर्षी लागली. त्या वर्षाबद्दल माळावर फारसं कुणी बोलत नसे.

त्यानंतर नियम झाला. प्रत्येक पेवाच्या तळाशी चोचभर दाणा कायम राहिला पाहिजे. तो द्यायचा नाही, पेरायचा नाही, राखणदाराने खायचा तर मुळीच नाही. चोच कुणाची, यावर पुष्कळ वाद झाला. चिमण्या म्हणाल्या, आमची. अखेर करकोच्याची ठरली, कारण ती सगळ्यांत लांब होती. शिवाय करकोचा दाणे खात नसे. ज्याला दाण्याची चवच ठाऊक नाही त्याच्याइतका निःस्पृह तपासनीस कुठून मिळणार, असं सगळ्यांना वाटलं. तेव्हापासून तो माळावर करकोचेबुवा झाला.

बुवांची तपासणी वर्षातून एकदा, पेरण्या आटोपल्या की होई. कुणाची गैरसोय नको म्हणून आठ दिवस आधी बेडकांकरवी दवंडी पिटली जाई. बुवा उडत येत नसत, कारण उडत येणं पदाला शोभणारं नव्हतं. ते एकेक पाय उचलत, थांबत, विचार करत येत. पेवापाशी आले की मान आत घालत. चोच डोळ्यांपर्यंत दाण्यांत रुतली की तळ आहे, नाही रुतली की नाही. डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून त्या वेळी ते डोळे मिटून घेत. मग त्यांना ओढ्यातले मासे वाढले जात. ज्या पेवाची तपासणी व्हायची तिथलं काहीही खायचं नाही, असा बुवांचा स्वतःचा कडक नेम होता. पण मासे ओढ्यातले असल्यामुळे त्यांची अडचण नव्हती.

माळाच्या उगवतीच्या कडेला सगळ्यांत लहान पेव होतं. त्याची राखणदार होती साळू. अंगभर काटे असूनही कुणाला टोचेल असं ती बोलत नसे. तिच्या पेवात चोचभर नव्हे, दीड चोच तळ असे. चैत्रात ती सगळे दाणे वर काढून उन्हात घाली, राख चोळी, कडुलिंबाचा पाला घाली आणि पुन्हा आत ओती. बियाणं देताना ती मागणाऱ्याची जमीन पाहून येई, मातीचा वास घेई आणि पुष्कळदा नाही म्हणे. त्यामुळे तिचं काही बुडत नसे, आणि तिला काही उरतही नसे.

तिच्याकडे दाणे ठेवणाऱ्यांत एक टिटवी होती. आभाळ कोसळेल या धास्तीने पाय वर करून निजणारी. साळू तिची थट्टा करी.

"अगं, आभाळ काय तुझ्या दोन काड्यांवर राहिलंय होय?"

"राहिलंय ना अजून?" टिटवी म्हणे. "मग झालं तर."

पण त्या वर्षी टिटवी आली ती मान खाली घालून.

"साळूबाई, रागावू नकोस. मी दाणे काढून न्यावेत म्हणतेय. घूसअक्का एका मुठीच्या जागी तीन मुठी देतात. घरात अंडी आहेत. चार चोची उघडल्या की मला तुझ्या भल्या स्वभावाचं काय करायचं?"

साळूला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने पेवाकडे बघितलं. ससे गेले होते, तितर गेले होते, आता टिटवी गेली की वरचे दाणे संपणार आणि उरणार तो नुसता तळ. ज्याला हात लावायचा नाही तेवढंच ज्याच्यात आहे, ते कसलं पेव?

"सुगीपर्यंत थांब," साळू म्हणाली. "काहीतरी करते."

घूसअक्का माळाच्या मावळतीला राहत. त्यांचं पेव एवढं मोठं की आत हाक मारली तर दोनदा परत येई. त्या दुसऱ्याच दिवशी स्वतः साळूकडे आल्या, पायऱ्या चढल्यासारख्या धापा टाकत. त्यांना सपाटीवरही धाप लागे.

"साळूबाई, तू दाण्यांवर बसतेस का अंड्यांवर?" त्या बूड टेकत म्हणाल्या. "उबवून काय निघणार आहे त्यातनं?"

"तळ आहे तो, अक्का. त्याला हात लावायचा नाही."

"कोण म्हणतंय लाव? बुवा पहिल्यांदा तुझ्याकडे येतात. चोच घातली, मासे खाल्ले, निघाले. पुढे वर्षभर तुझ्या तळाकडे कुणी कुत्रं तरी बघतं का? मग तो जरा माझ्याकडे येईना. माहेरपणाला येतात तसा. वाटेत मुंगुसाकडे थांबेल, रानडुकराकडे थांबेल, माझ्याकडे मुक्काम करेल, नि सकाळी घरी. भुयार आहे, उंदीर आहेत. प्रत्येक पेवामागे तुला दोन पायल्या दाणे."

"आणि तुमचा तळ?"

घूसअक्कांनी मिशा पुसल्या. "माझा तळ पेरलाय गं. मातीत आहे. उगवतोय. तुझ्यासारखा झोपा नाही काढत."

"पण तुमचं पेव केवढं! माझ्या तळाने ते भरणार कसं?"

"भरायचंय कुणाला? पेवाचं तोंड एक, बुवांची चोच एक. चोच पडते तेवढ्या जागेवर ढीग केला की झालं. बाजूला चोच घालून बघायची, तर मान वाकडी करावी लागेल. बुवांची मान सरळ आहे, तू बघतेसच."

साळूने पुष्कळ विचार केला. ती चोरी नव्हती, कारण एकही दाणा कमी होणार नव्हता. खोटं बोलायचं नव्हतं, कारण तिला कुणी काही विचारणारच नव्हतं. नियमात तळ असावा असं होतं. तो घरातच बसलेला असावा असं कुठे होतं? एवढं सगळं स्वतःला समजावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आजवर कुठलीही सरळ गोष्ट करताना आपल्याला एवढं समजवावं लागलं नव्हतं. पण तोवर ती हो म्हणून बसली होती.

त्या वर्षी साळूच्या तळाने माहेरपण केलं, आणि उंदरांनी वाटेत खाल्लेलं धरूनसुद्धा तिच्याकडे एवढे दाणे आले की तिने टिटवीला तीन मुठी दिल्या. ससे परत आले. तितर नातेवाइकांना घेऊन आले. "साळूबाईंचं पेव लहान, पण सचोटीचं," असं लोक म्हणू लागले. साळूला ते ऐकून बरं वाटे, आणि मग पाठीवरचे काटे उगीचच हलल्यासारखे वाटत.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. आता मात्र साळूला वेळ मिळेनासा झाला. ठेवणाऱ्यांची रांग, मागणाऱ्यांची रांग. चैत्रात दाणे उन्हात घालायचे राहून गेले. घूसअक्का म्हणाल्या, तळ तुझा आहे, तू बघ. साळूला वाटलं, वापरतात सगळे, मग राख मीच का चोळायची? चौघांच्या भरवशावर त्या दाण्यांना ऊन लागलं नाही, आणि तळात सोंडकिडा झाला.

तिसऱ्या वर्षीची तपासणी साळूकडे सकाळीच सुरू झाली. बुवांनी मान आत घातली, डोळे मिटले, चोच रुतवली आणि वर काढली. चोचीच्या टोकावर एक सोंडकिडा बसला होता. त्याची सोंड जराशी डावीकडे वाकलेली होती.

"राम राम, बुवा!" तो म्हणाला. "फार उंच आणलंत. हवा छान आहे."

बुवांच्या गळ्यात काहीतरी हललं. दाण्यांतलं त्यांना काही कळत नसे, किड्यांतलं मात्र सगळं कळत असे. पण नेम तो नेम. त्यांनी किड्याला हळूच पेवात परत सोडलं, मासे खाल्ले आणि निघाले.

तिथली रीत अशी होती की ज्या पेवाची तपासणी सगळ्यांत आधी झाली त्याच्या राखणदाराने पंच म्हणून बुवांच्या मागून पुढच्या सगळ्या पेवांवर जायचं. म्हणून साळू मागे चालू लागली. तिच्या पायाखालच्या भुयारातून खसखस आवाज येत होता. तिचा तळ तिच्याही पुढे चालला होता.

मुंगुसाच्या पेवातून बुवांची चोच वर आली, तर टोकावर कुणीतरी होतं.

"आलात का?" सोंडकिडा म्हणाला. "वाटेत दिसला नाहीत कुठे."

बुवा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सोंड डावीकडे वाकलेली. त्यांनी त्याला आत ठेवलं. इथे त्यांनी मासे दोनच खाल्ले.

रानडुकराच्या पेवातून तो तिसऱ्यांदा वर आला. "मी आधी पोचलो, बुवा!" असं म्हणून तो हसला. त्याला ही कसली तरी शर्यत वाटत होती आणि आपण ती जिंकतोय याचा त्याला आनंद झाला होता. बुवांनी मान वळवून पंच म्हणून उभ्या असलेल्या साळूकडे पाहिलं. साळूने दूरच्या एका झुडपाकडे पाहिलं. बुवांनी मासे खाल्ले नाहीत.

तिथून पुढच्या वाटेवर टिटवी धावत समोर आली.

"साळूबाई, बरी भेटलीस! पिल्लं बाहेर आली गं, चारही! दाणे काढून दे चल."

साळूचा पाय उचललेला तसाच राहिला. "उद्या ये, बाई."

"उद्या?" टिटवीने मान तिरकी केली. "तुझ्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता."

"आज पंच आहे मी. उद्या नक्की."

टिटवी वाटेतून बाजूला झाली. पण ती धास्तावणाऱ्यांतली होती. ती साळूच्या पेवावर गेली आणि तिने तोंडातून आत वाकून पाहिलं. वरचे दाणे केव्हाच पेरणीला गेले होते, आणि आत शेणामातीने सारवलेला तळ स्वच्छ दिसत होता. एक उंदीर तिथे बसून पाठ खाजवत होता.

टिटवी ओरडली म्हणजे काय होतं ते माळावर सगळ्यांना ठाऊक असतं. "नाही! नाही! तळच नाही!" असं ओरडत तिने माळाला दोन फेऱ्या घातल्या. ससे बिळातून निघाले, तितर झुडपांतून निघाले, ज्यांचे दाणे होते ते निघाले, आणि ज्यांचे नव्हते तेही निघाले. बुवा घूसअक्कांच्या पेवापाशी पोचले तेव्हा तिथे सगळा माळ जमला होता.

"बुवा, तळ आहे का नाही ते सांगा!"

"आमचे दाणे आत्ता काढून द्या!"

"अहो ढकलू नका, माझी शेपटी!"

टिटवी गर्दीतून पुढे आली आणि साळूसमोर उभी राहिली. तिचा आवाज बसला होता.

"माझं सोड. पण चार चोची उघड्या आहेत. साळूबाई, तूच सांग, माझे दाणे कुठं आहेत?"

साळूला उत्तर ठाऊक होतं. ते दाणे तिथून वितीभर अंतरावर, घूसअक्कांच्या पेवात, बरोब्बर तोंडाखाली ढीग करून ठेवले होते. ती पुढे झाली. आता सांगायचंच, असं तिने ठरवलं. काटे उभे राहिले आणि तिने तोंड उघडलं.

"सांग की," घूसअक्का तिच्या कानाशी पुटपुटल्या. त्यांना धाप लागली नव्हती, एवढ्या त्या घाबरल्या होत्या. "सांगून टाक. हे सगळे आत्ता पेवात उड्या मारतील. एवढा ढीग चारशे तोंडांत. तुझ्या टिटवीच्या वाट्याला फोलपट तरी येईल का? बाकीचं सगळं मातीत आहे साळू, हिरवंसुद्धा झालं नाही अजून. गप्प राहिलीस तर सकाळी तिची पिल्लं जेवतील."

साळूचं तोंड उघडंच राहिलं.

इकडे बुवांनी मान पेवात घातली होती. गर्दी गप्प झाली. चोच रुतल्याचा आवाज आला. मग मान सावकाश वर आली आणि चोचीच्या टोकावर तो बसलेला होता.

"राम राम, बुवा!" दमल्यामुळे त्याचा आवाज बारीक झाला होता, तो फक्त साळूला, घूसअक्कांना आणि बुवांना ऐकू आला. "पाय दुखले हो. आता घरी कधी सोडणार? आम्ही मूळचे साळूबाईंच्या—"

बुवांनी गर्दीकडे पाहिलं. मग साळूकडे पाहिलं. साळूने या वेळी झुडपाकडे पाहिलं नाही, आणि तिला बुवांच्या पिवळ्या डोळ्यात स्वच्छ दिसलं की त्यांना सगळं कळलं आहे. आणखीही एक दिसलं. तळ नाही असं आज सांगितलं, तर लोक विचारणार होते, की मग गेल्या वर्षी तुम्ही काय पाहिलंत? आणि त्याच्या मागच्या वर्षी?

बुवांनी मान वर केली. एवढ्या वर्षांचा नेम होता, म्हणून त्यांना क्षणभर जड गेलं. मग गळ्यातून एक छोटीशी गाठ खाली उतरताना सगळ्यांना दिसली.

"तळ आहे," बुवा म्हणाले. "चोचभर. सगळ्या पेवांत."

माळभर एक उसासा पसरला. ससे एकमेकांना म्हणू लागले, तरी मी म्हणत होतो. घूसअक्कांना पूर्ववत धाप लागली. कुणीतरी टिटवीला म्हणालं, "तुझं हे नेहमीचंच. आभाळ पडलं, आभाळ पडलं!" आणि सगळे हसले. टिटवी आपल्या पायांकडे बघत उभी राहिली.

साळूने उघडं राहिलेलं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून ती म्हणाली, "सकाळी ये. मी वाट बघते."

सकाळी उंदीर तळ घेऊन परत आले. साळूने टिटवीला तिचे दाणे दिले, वर तीन मुठी दिल्या, मग आणखी एक मूठ दिली आणि मग आणखी एक. पिल्लं चोची उघडून तयारच होती. ती खात असताना टिटवी साळूजवळ सरकली.

"मी चुकले गं. तुझ्यावर संशय घेतला. उन्हात माझे डोळे दिपले असणार. या वरच्या मुठी मला नकोत, तुझ्याकडेच ठेव. पिल्लांना पुढे लागतील. तुझ्याइतकं भरवशाचं कोण आहे मला?"

तिने त्या मुठी आपल्या चोचीने उचलून पेवात परत टाकल्या. साळूला वाटलं, अंगावरचे सगळे काटे उलटे फिरलेत आणि टोकं आतल्या बाजूला आहेत.

तिने त्या वर्षी पुन्हा दाणे उन्हात घालायचं ठरवलं होतं. तसं ठरवायची गरज उरली नाही. पुढच्या तपासणीआधी बेडकांनी दवंडी पिटली. गेल्या खेपेस पेवांमध्ये काही गंभीर दोष आढळल्यामुळे नवा कडक नियम केला होता: यापुढे कोणत्याही पेवात सोंडकिडा असता कामा नये.

राखणदारांनी नियमाचं मनापासून स्वागत केलं. घूसअक्का स्वतः पाटीभर कडुलिंब घेऊन साळूकडे आल्या, मुंगुसाने राख आणली, रानडुकराने चाळणी धरली. चौघांनी मिळून साळूचा तळ दोन दिवस उन्हात वाळवला, निवडला, पाखडला. एवढा देखणा दाणा माळाने कधी पाहिला नव्हता. तपासणीच्या दिवशी बुवा चारही पेवांवर गेले. चोच दर वेळी कोरडी वर आली. बुवांनी समाधानाने मासे खाल्ले.

साळू पंच म्हणून सगळीकडे जाऊन संध्याकाळी आपल्या पेवापाशी परत आली आणि तळ घरी यायची वाट बघत बसली. जवळच्या मोकळ्या जागेत टिटवी उताणी निजली होती, दोन्ही पाय आभाळाकडे करून. शेजारी तिची चार पिल्लं निजली होती. आता त्यांनाही शिकवलेलं होतं. आठ बारीक पाय ओळीने वर होते.

साळूला हसू आलं. पण थट्टा करावीशी वाटली नाही.

खाली भुयारातून स्वच्छ दाणे खसखसत कुणाच्या तरी पेवाकडून घराकडे निघाले होते. साळूने वर पाहिलं. आभाळ होतं तिथेच होतं. अंगावर काटे असल्यामुळे तिला उताणं निजता येईना. मग ती बसल्या बसल्याच जरा मागे रेलली, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि पुढचे दोन्ही पाय हळूच वर केले.